श्वासाकडे लक्ष दिलं की छाती आवळते

नाशिकहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४१. तीन वर्षांपूर्वी त्यांना नैराश्याचा त्रास झाला होता. औषधांनी बरं वाटलं, मग औषधं थांबली. गेल्या वर्षी त्यांचे वडील फुप्फुसाच्या आजाराने गेले. शेवटच्या अकरा रात्री त्या एकट्याच त्यांच्या उशाशी होत्या. पुढे महिन्याभरात त्रास उलटला. सध्या गोळ्या चालू आहेत, महिन्यातून दोनदा त्या समुपदेशक मॅडमकडे जातात. गेले चार महिने झोप, जेवण आणि शाळा रुळावर आहे.

त्या लिहितात : ‘मोठ्या वन्सं दहा दिवसांचं ध्यानशिबिर करून आल्या आणि अगदी बदलून गेल्या. त्या म्हणतात, गोळ्या म्हणजे कुबड्या. आपल्याकडे अडीच हजार वर्षांचं औषध असताना हे कशाला? मॅडमनी आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस (सजगतेच्या ध्यानाच्या) गटाचं सुचवलं आहे, पण वन्संच्या मते ते परदेशात पाणी घालून पातळ केलेलं ध्यान. मी मोबाइलवरच्या अ‍ॅपवर दहा मिनिटं बसून पाहिलं. श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला छाती आवळते, हात गार पडतात. पाच वेळा बसले, पाचही वेळा उठले. मला साधं ध्यानसुद्धा जमत नाही. गोळ्या बंद करून दिवाळीच्या सुट्टीत शिबिराला जाऊ का?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका ओळीपाशी थांबले. दवाखान्यातल्या रात्रींबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘बाबांच्या छातीकडे बघत बसायचे. वर-खाली होतेय ना, एवढंच.’ त्यानंतर दोन परिच्छेद नणंदेबद्दल, मग अ‍ॅप, आणि मग ‘मला साधं ध्यानसुद्धा जमत नाही’.

अकरा रात्री तुम्ही श्वासाकडेच लक्ष देत होतात. डोळ्याला डोळा न लावता. एक श्वास लांबला की तुमचा जीव वर, पुढचा आला की खाली. आता घरात दिवा मंद करून, डोळे मिटून तुम्ही बसता आणि कानातला आवाज सांगतो, ‘फक्त श्वासाकडे लक्ष द्या.’ तुमचं शरीर त्या खोलीत परत जातं. हात गार पडतात, छाती आवळते. यात न जमण्यासारखं काय आहे? शरीराने जे शिकलं तेच ते करतंय. त्या अ‍ॅपला तुमच्या बाबांबद्दल काही ठाऊक नाही. ज्याला तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नाही त्याने दिलेली परीक्षा तुम्ही नापास झालात, असं स्वतःला म्हणू नका.

तुमचा प्रश्न ‘शिबिराला जाऊ का’ असा आहे. त्याचं उत्तर देईनच. पण त्या प्रश्नाखाली दोन-तीन गृहीतकं आहेत, ती आधी उलगडून पाहू. अशीच पत्रं मला वरचेवर येतात, त्यामुळे हे इतरांच्याही उपयोगी पडावं.

पहिलं गृहीतक असं की ध्यान म्हणजे एकच एक गोष्ट. डोळे मिटायचे, श्वास बघायचा, मन रिकामं करायचं. ज्या परंपरेचा हवाला वन्सं देतात, तिथे हे असं नव्हतंच. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरला बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात ध्यानाचे चाळीस विषय आहेत. त्यांना ‘कर्मस्थानं’ म्हणतात. श्वास हा त्या चाळिसांतला एक. कोणाला कोणता विषय द्यायचा हे आचार्याने ठरवायचं, आणि ते कसं? तर शिष्य चालतो कसा, जेवतो कसा, अंगण झाडतो कसा ते बघून. केरसुणी कशी धरतो, झाडलेली जागा सारखी होते की कुठे ढीग, कुठे तशीच राहते, इथपर्यंत वर्णन आहे. मला हा भाग फार आवडतो. समोरच्या माणसाला इतकं निरखल्याशिवाय त्याला ध्यान देऊ नये, असा तो दंडक होता. (हा ग्रंथ आधुनिक पद्धतीने संपादित करण्यासाठी वर्षानुवर्षं खपलेला माणूस आपलाच. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. ते त्यासाठी हार्वर्डला गेले. त्यांचं काम तिथल्या ग्रंथमालेत १९५० साली, त्यांच्या निधनानंतर छापून आलं.)

याहून जुनी एक गोष्ट संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात आहे, वैशालीतली. बुद्धांनी भिक्षूंना देहाच्या अशुभतेवर ध्यान करायला सांगितलं आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. परतले तर संघ विरळ झालेला. काही भिक्षूंना देहाची इतकी शिसारी आली होती की त्यांनी प्राण गमावले होते. त्यांचे शिष्य आनंद यांनी विनंती केली की भिक्षूंना दुसरा काही मार्ग सांगावा. तेव्हा बुद्धांनी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाची जाणीव, म्हणजे आनापान, शिकवलं. ध्यान सोसलं नाही तर विषय बदलायचा, हे त्या परंपरेने इतक्या मागे लिहून ठेवलं आहे. त्या भिक्षूंना श्वासाने तारलं. तुम्हाला सध्या श्वासच जड जातोय, तर तुमचा विषय दुसरा हवा.

दुसरं गृहीतक अडीच हजार वर्षांचं. ध्यान तितकं जुनं आहे, त्याहूनही जुनं असेल. पण नोकरी-संसार करणाऱ्या माणसाने दहा दिवस रजा काढून मौनात बसायचं, हा प्रकार तसा अलीकडचा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेचं राज्य घेतलं. आता धर्म टिकायचा कसा, ही चिंता ब्रह्मदेशात पसरली, आणि लेदी सयाडो यांच्यासारख्या भिक्षूंनी विपश्यना, म्हणजे या शिबिरांत शिकवतात ते ध्यान, गृहस्थांपर्यंत नेली. त्याच परंपरेतले सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, म्हणजे सरकारी नोकरदारच. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने बेजार होऊन. दुखणं इतकं की मॉर्फिनची सुई लागायची. डोकेदुखी घालवायला आलोय असं त्यांनी सांगितलं, तर ऊ बा खिन यांनी आधी नाहीच म्हटलं. शरीराच्या दुखण्यासाठी येऊ नका, मन शुद्ध करायचं असेल तर या, असं त्यांचं म्हणणं. गोयंका गुरुजी स्वतः ही हकिकत सांगत. १९६९ मध्ये ते भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं, आणि आज तुमच्या नाशिकहून ते तासाभराच्या अंतरावर आहे.

ही हकिकत वन्संना जरूर सांगा. दहा दिवसांचं शिबिर हे दुखण्यावरचं औषध आहे असा दावा त्या परंपरेच्या गुरूंनीच केलेला नाही. त्या केंद्रांच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि चालू औषधांबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं. विपश्यना ही वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, असंही ते स्वतःच सांगतात. हा प्रामाणिकपणा आहे आणि आपण त्याला प्रामाणिकपणे उत्तर द्यायला हवं. जागा मिळावी म्हणून अर्जात ‘नाही’ लिहिणारे लोक मला भेटले आहेत. कृपा करून तसं करू नका. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, दहा दिवस कोणाशी बोलायचं नाही, आणि पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. अकरा रात्री श्वास मोजून आलेल्या बाईला यातलं काय झेपेल, हे समोरच्याला कळायलाच हवं.

आता ‘परदेशात पातळ केलेलं’ याबद्दल. हे मला थोडं लागलं, कारण मी स्वतः असे गट घेते.

१९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी माइंडफुलनेसचा एक बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. ते मूळचे रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. झेन आणि विपश्यना दोन्ही शिकलेले, योगासनं करणारे. त्यांच्याकडे डॉक्टरांनी कोण पाठवले? ज्यांचं दुखणं औषधांनी हटत नव्हतं ते. पाठीचं, मानेचं, वर्षानुवर्षांचं. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, घरी रोज पाऊण तास सराव. ‘हे करा आणि गोळ्या टाका’ असं तिथे सांगत नव्हते. दुखणं आहेच, पण दुखण्यावर आपण जी भीती आणि चिडचिड चढवतो तिच्याकडे जरा वेगळं बघता येतं का, एवढाच प्रयत्न होता.

पुढे झिंडल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी ते नैराश्यासाठी वापरायचं ठरवलं. त्यांना पडलेला प्रश्न तुमचाच होता. बरा झालेला माणूस पुन्हा का खचतो? त्यांना दिसलं ते असं की एकदा नैराश्य येऊन गेलं की साधी उदासीसुद्धा जुन्या विचारांची वाट उघडते. शाळेत एखादा तास बिघडतो, एरवी संध्याकाळपर्यंत विसरलं असतं. पण मन तिथून ‘मला शिकवता येत नाही’, तिथून ‘मला काहीच येत नाही’, तिथून थेट गेल्या वर्षीच्या अंधारात जातं. ते विचार खरे की खोटे यावर वाद घालत न बसता, ‘हा विचार आलाय’ एवढं ओळखून थांबायला शिकवायचं, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. गंमत म्हणजे आधी त्यांना स्वतः ध्यान न करताच ते शिकवायचं होतं. कबाट-झिन यांच्या विभागात जाऊन बसल्यावर त्यांना कळलं की शिकवणाऱ्याने रोज बसल्याशिवाय हे शिकवता येत नाही. म्हणजे पाणी घालणं तर सोडाच, त्यांना जुनीच अट मान्य करावी लागली.

त्यांचा पहिला मोठा अभ्यास २००० साली आला. १४५ माणसं, तीन शहरं. ज्यांना नैराश्य तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलं होतं, त्यांच्यात वर्षभरात पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के होतं, गटात आलेल्यांचं ३७ टक्के. हा मोठाच फरक. पण ज्यांना दोनदाच येऊन गेलं होतं, त्यांना गटाचा फायदा दिसला नाही. ताई, तुमचं हे दुसऱ्यांदा. म्हणजे तुम्हाला उपयोग होणारच नाही असं मी म्हणत नाही, एका अभ्यासावरून तसं म्हणूही नये. पण जी पद्धत नैराश्यासाठीच तयार झाली तिच्याही बाबतीत कोणाला, कधी, हे प्रश्न विचारावे लागतात. मग ‘ध्यान सगळ्यांना चालतं’ हे वाक्य कुठे टिकतं?

आणि आपल्याकडे हे परदेशातून आलं असंही पूर्ण खरं नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं ते योगाची प्रयोगशाळेत तपासणी करायला. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाहिया आणि त्यांचे सहकारी साठ-सत्तरच्या दशकांत पतंजलींच्या योगावर आधारलेला उपचार मानसिक रुग्णांवर करून बघत होते. कबाट-झिन यांच्या विभागाच्या आधी. त्यांनी एका गटाला धारणा-ध्यानासकट सगळं दिलं आणि दुसऱ्याला नुसती आसनं आणि श्वासाचे व्यायाम. तुलना केल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त मुंबईतल्या डॉक्टरांनी तेव्हाच पाळली होती. अभिमानच बाळगायचा तर तो याचा बाळगू.

तिसरं गृहीतक मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. गोळ्या की ध्यान, यातलं एकच निवडायचं. ताई, हा प्रश्न वन्संनी उभा केलाय, तुमच्या आजाराने नव्हे. इंग्लंडमध्ये नैराश्य तीन किंवा अधिक वेळा आलेल्या ४२४ लोकांवर एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. अर्ध्यांनी गोळ्या चालू ठेवल्या. अर्ध्यांनी माइंडफुलनेसचा गट केला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू कमी केल्या. दोन वर्षांत पुन्हा आजारी पडलेले जवळजवळ सारखेच, ४७ आणि ४४ टक्के. याचा अर्थ काहींना पुढे कधीतरी गोळ्यांशिवाय चालू शकतं. पण ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ आणि ‘हळूहळू’ हे दोन शब्द त्यातून काढले तर उरतं ते फार धोक्याचं आहे. एकदम गोळ्या थांबवल्या तर चक्कर, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, विनाकारण रडू येणं, असं होऊ शकतं. कल्पना करा, हे शिबिराच्या तिसऱ्या दिवशी होतंय, मौन चालू आहे, आणि तुम्ही समजताय की हा मनातला मळ निघतोय.

चार महिने तुम्ही बऱ्या आहात. गोळ्यांची गरज नाही असा त्याचा अर्थ तुम्ही लावताय. मी लावते तो असा की गोळ्या त्यांचं काम करताहेत. बरं वाटायला लागल्यावरही साधारण निदान सहा महिने, आणि त्रास उलटलेला असेल तर त्याहून जास्त काळ औषध चालू ठेवतात. किती काळ, ते तुमचे डॉक्टर सांगतील. आणि ‘कुबड्या’ या शब्दाबद्दल एकच. हाड मोडल्यावर कुबड्या घेणाऱ्याला आपण हिणवत नाही, त्याच्यासाठी दार उघडून धरतो.

ध्यानाने त्रास होणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, हेही ऐका. २०२० मध्ये ८३ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सुमारे ८ टक्के लोकांना ध्यानात काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं. बहुतेक वेळा तो अस्वस्थपणा आणि उदासीचा. माझ्या गटात एक काका होते, लहानपणापासून दम्याचे. श्वासावर लक्ष आणा म्हटलं की त्यांचा श्वासच अडायचा. दुसऱ्या आठवड्यात ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘मी नुसता बसून राहिलो तर चालेल ना?’ त्यांना आम्ही तळपाय दिले. चपला काढून फरशीवर उभं राहायचं. टाच कुठे टेकलीय, अंगठा कुठे, फरशी गार आहे की नाही, एवढंच. आठही आठवडे त्यांनी तळपायच केले.

तुम्हालाही सध्या तेच सुचवेन. डोळे उघडे. श्वासाचं नाव काढायचं नाही. सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभ्या असता ना, तेवढ्या तीन मिनिटांत तळपाय. मन बाबांकडे गेलं तर जाऊ दे, कळलं की पुन्हा टाच. छाती आवळायला लागली तर सोसत बसू नका. खिडकीबाहेर बघा, दिसणाऱ्या चार वस्तूंची नावं मनात घ्या, गॅस बंद करा, चहा ओता. थांबणं हाही सरावाचाच भाग आहे. दुसरी जागा तुमच्या शाळेतच आहे. फळ्यावर तारीख लिहिता तेव्हा खडूचा आवाज ऐका. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. पोरं मागे गोंधळ घालतील, घालू दे. अ‍ॅप सध्या काढून टाका.

मॅडमच्या गटाबद्दल. जाण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा, आणि हे कुठल्याही गटात किंवा शिबिरात नाव घालणाऱ्या प्रत्येकाने विचारावं. गट सुरू होण्याआधी प्रत्येकाशी वेगळं बोलणं होतं का? मध्येच कोणाला त्रास झाला तर काय करता? आणि श्वासाऐवजी दुसरं काही चालेल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला किंवा ‘नाही, श्वासच’ म्हणाला, तर तो गट सध्या तुमचा नाही. हे प्रश्न विचारायला संकोच नको. ज्यांना हे काम येतं त्यांना असे प्रश्न आवडतात.

शिबिराचं उत्तर आता मोकळेपणाने देते. या दिवाळीत नको. कायमचं नको असं नाही. पुढे कधी औषधं बंद झाली, वर्षभर बरं गेलं, मन ओढ घेऊ लागलं, तर डॉक्टरांना सांगून, अर्जात सगळं खरं लिहून जा. वन्संना त्याचा फायदा झालाय, तो खरा आहे, त्यावर वाद घालू नका. त्यांच्या बोलण्यातली माया मला पत्रातूनही जाणवली. त्यांना एवढंच म्हणा, ‘वन्सं, तुम्हाला बरं वाटलं याचा मला आनंद आहे. माझं औषध डॉक्टर ठरवतील. पण संध्याकाळी अर्धा तास माझ्याबरोबर चालायला याल का?’ नुसतं गप्प चालायचं असेल तर त्यांचं मौनही साधेल. २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा ध्यानाने चिंता आणि उदासी कमी होते हे दिसलं, पण ते औषधांपेक्षा किंवा व्यायामापेक्षा सरस ठरतं असं दिसलं नाही. तेव्हा त्या अर्ध्या तासाला कमी लेखू नका.

मध्ये कधी रात्री फारच अंधारून आलं, जगण्याबद्दल नको ते मनात आलं, तर मॅडमच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. घरातही एका माणसाला हे आधीच सांगून ठेवा.

आणि एक काम, या सगळ्याच्या आधीचं. पत्रात तुम्ही लिहिलंय की त्या अकरा रात्रींबद्दल अजून कोणाशीच बोलला नाहीत, मॅडमशीही नाही. ‘तिथे विषय माझ्या आजाराचा असतो.’ ताई, विषय तोच आहे. पुढच्या भेटीला जाल तेव्हा शिबिर, गट, वन्सं सगळं बाजूला ठेवा आणि पहिल्या रात्रीपासून सुरुवात करा. बाबांची खाट कुठे होती, तुम्ही कुठे बसला होतात, तिथून. अकरा रात्री एका भेटीत होणार नाहीत. जेवढ्या होतील तेवढ्या.